तीन परीक्षा, एकच घोडा : ‘इव्हेंटिंग’ म्हणजे काय आणि हौशी स्वाराने सुरुवात कशी करावी?

आपल्याकडे घोडा म्हटला की लग्नाची वरात, यात्रेतला नाच, नाहीतर दत्त जयंतीला तापीकाठी भरणारा सारंगखेड्याचा बाजार डोळ्यापुढे येतो. घोडा घेताना लोक रंग, उंची, अंगावरच्या खुणा आणि रेवाल चाल बघतात. पण घोड्याचं आणि स्वाराचं एकमेकांशी किती जमतं, हे जोखणारा एक ऑलिम्पिक खेळ आहे. त्याचं नाव इव्हेंटिंग. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बंगळुरूच्या फवाद मिर्झाने यात वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं. भारतीय संघालाही रौप्य मिळालं.

हा मुळात लष्कराचा खेळ. घोडदळाचा घोडा संचलनात शिस्तीत चालला पाहिजे, खडतर रानातून दौडला पाहिजे आणि त्यानंतरही कामाला ताजातवाना असला पाहिजे, हा त्यामागचा विचार. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये तो आला, तेव्हा फक्त लष्करी अधिकारी उतरू शकत. पुढे नागरिकांना आणि १९६४ पासून महिलांनाही वाट मोकळी झाली. आज स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतात.

तीन टप्पे कोणते?

पहिला टप्पा ड्रेसाज. आखलेल्या मैदानात ठरलेल्या क्रमाने घोडा चालवायचा, दुडकीवर घ्यायचा, वळवायचा, थांबवायचा. पंच प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण देतात.

दुसरा क्रॉस-कंट्री. मोकळ्या रानात ओंडके, चर, पाणी, चढ-उतार असे पक्के अडथळे ठरलेल्या वेळेत पार करायचे. स्वार आदल्या दिवशी पायी फिरून मार्ग पाहू शकतो, घोड्याला मात्र तो दाखवता येत नाही. म्हणजे पाण्यात उडी घेताना घोड्याचा भरवसा फक्त पाठीवरच्या माणसावर असतो.

तिसरा शो-जंपिंग. इथले दांडे धक्का लागला की पडतात. थकलेल्या घोड्याकडे अजून नेमकेपणा उरला आहे का, ते इथे कळतं.

कमी दंड, तो विजयी

ड्रेसाजची टक्केवारी १०० मधून वजा करतात आणि उरेल तो दंड. क्रॉस-कंट्रीत घोडा अडथळ्यापुढे अडला तर २० दंड, त्याच जागी पुन्हा अडला तर आणखी ४०. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर प्रत्येक सेकंदाला ०.४. स्वार पडला तर स्पर्धा संपली. शो-जंपिंगमध्ये पडलेल्या प्रत्येक दांड्याला ४.

टोकियो ऑलिम्पिकचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये झालेल्या या स्पर्धेत फवाद मिर्झाला ड्रेसाजमध्ये ७२ टक्के मिळाले, म्हणजे दंड २८. क्रॉस-कंट्रीत त्याचा घोडा कुठेही अडला नाही, पण २८ सेकंद उशीर झाला. त्याचा दंड ११.२०. शो-जंपिंगच्या पहिल्या फेरीत आणखी ८. असे ४७.२० दंडावर तो अंतिम फेरीत पोहोचला आणि शेवटी २३ वा आला. म्हणजे एकाच टप्प्यात भारी असून चालत नाही, तिन्हीकडे चुका कमी हव्यात.

हौशी स्वाराचं काय?

ऑलिम्पिकची उंची बघून घाबरायचं कारण नाही. ब्रिटनसारख्या देशात हौशींसाठी ८० सेंटीमीटर उंचीच्या अडथळ्यांच्या स्पर्धा असतात. घोडा अमुकच जातीचा हवा, असंही बंधन नाही. आपल्याकडे रायडिंग क्लबमध्ये रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडेही दिसतात. मात्र आयुष्यभर सरळ रेषेत पळायला शिकलेल्या घोड्याला वळणं, थांबणं आणि तोल सांभाळणं नव्याने शिकवावं लागतं.

म्हणूनच सुरुवात उडीने होत नाही, सपाटीवरच्या कामाने होते. बसक पक्की झाली, लगामावर न लटकता दुडकीवर बसता आलं, म्हणजे आधी जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालवायचं. मग बुटक्या उड्या. मग एखादा ओंडका, गुडघाभर पाणी. यात महिने जातात, आणि जाऊ द्यावेत.

त्याला कारण आहे. सरावाने घोड्याचा दम लवकर वाढतो, पण पायाच्या शिरा आणि हाडं मजबूत व्हायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. घोडा पळायला मागतो म्हणजे त्याचे पाय तयार झाले, असं नाही. उन्हाळ्यातली टणक मुरमाड जमीन पायांना दणके देते, तर खोल नांगरट शिरांवर ताण आणते.

रोज सकाळी चारही पायांवरून हात फिरवावा. एखादा पाय गरम लागला किंवा सूज दिसली तर त्या दिवशी रपेट बंद. घोडा लंगडत असेल तर पशुवैद्यकाला दाखवावं. शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. आपल्या घोड्याचा आकडा माहीत असला की बिघाड लवकर कळतो.

थांबणं हीसुद्धा कसब

या खेळात धोका आहे. टोकियोतच क्रॉस-कंट्रीत स्वित्झर्लंडच्या जेट सेट या घोड्याच्या पायाचं लिगामेंट तुटलं आणि त्याला दयामरण द्यावं लागलं. तेव्हा जगातले उत्तम डॉक्टर तिथेच हजर होते. म्हणून हेल्मेट आणि छातीचं संरक्षक जॅकेट यांच्याशिवाय क्रॉस-कंट्रीला उतरायचं नाही. शेताच्या बांधावरून एकट्याने उड्या मारून तर मुळीच शिकू नये, जाणता प्रशिक्षक सोबत हवाच.

घोडा दमला, पाय चुकायला लागला, तर मध्येच स्पर्धा सोडण्याची मुभा नियमात आहे. क्रमवारीत नाव येत नाही, पण घोडा चालत घरी येतो. पहिल्या वर्षी हौशी स्वाराने एवढंच ध्येय ठेवावं : तिन्ही टप्पे पूर्ण करायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्याचे चारही पाय थंड लागले पाहिजेत.