आधी तार तपासा, मग सेन्सर बदला



एअर सस्पेन्शनच्या गाडीत स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात. गाडीची उंची सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. गाडी एका बाजूला झुकली की महागडा सेन्सर लगेच बदलतात. दोष मात्र पुष्कळदा तारेत असतो.

बऱ्याच सेन्सरना तीन तारा असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. इग्निशन चालू करून मल्टिमीटरने आधी पुरवठा व अर्थ तपासा. ५ व्होल्ट नसतील तर तुटलेली तार किंवा गंजलेला कनेक्टर शोधा. असतील तर गाडीखाली पक्के स्टँड लावा, कारण पुढच्या चाचणीत हवा सुटून गाडी खाली बसू शकते. मग सेन्सरचा दांडा सुटा करून हळूहळू हलवा. सिग्नलचे व्होल्ट सलग बदलले पाहिजेत. अडकले किंवा मध्येच तुटले तर सेन्सर खराब समजावा.

तपासाशिवाय दोष कोणाच्याही माथी मारू नये.

– मुख्याध्यापक