चाळिशी लागली आणि पुस्तक सुटले

पंचेचाळिशीच्या आसपासची माणसे नेत्रविभागाच्या ओपीडीत एक तक्रार हमखास घेऊन येतात. लांबचे सगळे स्वच्छ दिसते, पण पेपर हातात घेतला की डोके दुखायला लागते. औषधाच्या पाकिटावरची तारीख हात लांब करून वाचावी लागते. संध्याकाळी दिव्याखाली अक्षरे एकमेकांत मिसळतात. वाचनाची आवड आहे का, असे विचारले तर उत्तर बहुधा 'होती' असे येते. कॉलेजात असताना दर दोन दिवसांनी वाचनालयातून पुस्तक बदलून आणणाऱ्या माणसाने गेल्या पाच-सहा वर्षांत एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले नसते. त्याचे खापर तो नोकरीवर, मुलांच्या परीक्षांवर आणि मोबाइलवर फोडतो. त्यात तथ्य असतेच. पण पुष्कळांच्या बाबतीत पुस्तक सुटण्याची सुरुवात डोळ्यातल्या भिंगापासून झालेली असते.

जवळचे पाहताना डोळ्यातले नैसर्गिक भिंग फुगते आणि त्याची ताकद वाढते. वयानुसार ते कडक होत जाते आणि चाळिशी ओलांडली की पुरेसे फुगत नाही. हा आजार नाही, केस पांढरे होण्यासारखाच वयाचा भाग आहे. मराठीने या चष्म्याला नावच 'चाळिशी' दिले आहे. साधारण अधिक एक नंबरापासून सुरुवात होते आणि साठीपर्यंत तो अधिक अडीचच्या आसपास जाऊन थांबतो. चष्मा स्वस्त असतो, पण 'इतक्यात म्हातारपणाचा चष्मा नको' म्हणून तो टाळला जातो. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आसामच्या चहाच्या मळ्यातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळिशीपुढच्या, जवळचे नीट न दिसणाऱ्या ७५१ मजुरांपैकी निम्म्यांना लगेच साधा चष्मा दिला, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. ज्यांना आधी मिळाला त्यांची पाने खुडण्याची उत्पादकता तुलनेने २० टक्क्यांहून अधिक वाढली. पाने खुडण्यात इतका फरक पडतो, तर बारीक टाइपाच्या कादंबरीत किती पडेल!

चष्मा आला की पुढचा प्रश्न येतो: वाचायचे काय? बहुतेक जण जिथे सोडले तिथूनच उचलतात. विशीत ऐतिहासिक कादंबऱ्यांनी वेड लावलेले असते, म्हणून पुन्हा तीच सहाशे पानांची कादंबरी आणतात, चाळीस पानांवर अडखळतात आणि 'आता वाचन होत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. दोष वाचनाचा नसतो. माणूस बदललेला असतो, वाचनाचा प्रकार मात्र त्याने बदललेला नसतो.

पुस्तकांचे प्रकार किती, हे पाहायचे असेल तर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचे भिलार पाहावे. ४ मे २०१७ रोजी हे राज्य सरकारच्या पुढाकाराने 'पुस्तकांचे गाव' झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना घेतली. तिथे पुस्तकांची दुकाने आहेत, इथे मात्र स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांच्या घरांत पुस्तके आहेत. एका घरात चरित्रे, दुसऱ्यात कविता, कुठे विनोदी साहित्य, कुठे इतिहास, कुठे दिवाळी अंक. कुणाच्याही ओसरीवर बसून फुकट वाचता येते. एरवी वाचनालयातली जी कपाटे आपण कधी उघडत नाही, त्यांच्या दारातून इथे चालत जावे लागते.

मेंदूच्या दृष्टीने वाचन ही तशी नवी गोष्ट. बोलणे लाखो वर्षांचे, लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. फ्रान्सचे मेंदूवैज्ञानिक स्तानिस्लास दहेन यांच्या मते, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या जुन्या भागातलीच थोडी जागा मेंदू अक्षरांसाठी वापरायला काढतो. ही जागा डाव्या बाजूला, मागे आणि तळाशी असते, आणि कोणतीही लिपी वाचणाऱ्यांत ती जवळपास त्याच ठिकाणी सापडते. आपल्या लिपीवरचाही एक सुंदर अभ्यास आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले आणि आधी व नंतर मेंदूचे स्कॅन काढले. बदल केवळ मेंदूच्या वरच्या थरात झाला नव्हता. मेंदूचा खोल, उत्क्रांतीत जुना असलेला भागही दृष्टीच्या केंद्राशी अधिक जुळवून काम करू लागला होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली माणसे तिशीच्या आसपासची होती, म्हणजे शाळेचे वय केव्हाच मागे टाकलेली.

वाचनाने मेंदू बदलतो हे ठीक. पण कोणत्या पुस्तकाने काय मिळते? इथे थोडे सावध राहावे लागते. 'सहा मिनिटे वाचले की ताण ६८ टक्क्यांनी कमी होतो' हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो आकडा २००९ सालच्या एका छोट्या चाचणीचा आहे आणि ती चाचणी रीतसर शोधनिबंध म्हणून प्रसिद्धच झाली नाही.

कथा-कादंबऱ्यांची गोष्ट याहून रंजक आहे. २०१३ साली 'सायन्स'मध्ये किड आणि कस्तानो यांचा निबंध आला. कसदार ललित कथा थोडा वेळ वाचल्यानंतर दुसऱ्याच्या डोळ्यांच्या छायाचित्रावरून त्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता वाढते, असे त्यात म्हटले होते. जगभर मथळे झळकले. पण इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही. २०१८ साली 'नेचर' आणि 'सायन्स'मधले समाजविज्ञानाचे २१ प्रयोग नव्याने करून पाहण्यात आले, त्यांत १३ टिकले, हा टिकला नाही. त्याच वर्षी अशा १४ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा कथा वाचण्याचा फायदा दिसला, पण लहानसा. एक गोष्ट लिहून काढावी तसे दहा पाने वाचून माणूस कनवाळू होत नाही. आयुष्यभर कथा वाचणाऱ्यांना इतरांचे मन थोडे अधिक उमगते, असा संबंध आढळतो खरा, पण मुळात ज्यांना माणसांत रस आहे तेच कथा वाचतात, असेही असू शकते.

माहितीपर पुस्तकांचा फायदा वेगळा आणि जास्त पक्का आहे. १९८८ साली अमेरिकेत सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या बरीच पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटचे वर्णन देऊन पाहिले तर वेगळे काही घडणार नाही. समजणे हे वाचनकौशल्यावर अवलंबून असते तितकेच त्या विषयाच्या आधीच्या माहितीवरही असते. म्हणून अनोळखी प्रकारातले पहिले पुस्तक नेहमी जड जाते. दुसरे जरा सोपे, तिसऱ्यात गोडी लागते. अर्थशास्त्राचे किंवा पक्ष्यांवरचे एक पुस्तक अर्धवट टाकून 'हे माझे क्षेत्र नव्हे' म्हणणारा माणूस नेमका सर्वांत अवघड टप्प्यावर परतलेला असतो.

त्यात प्रवेश सोपा करणारी पुस्तकेही असतात. विज्ञानाला बिचकणाऱ्याने थेट पाठ्यपुस्तक उघडू नये, विज्ञानकथा उघडावी. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली होती. नावाची आद्याक्षरे उलटी केली की कोडे सुटते. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, ही कल्पना पुष्कळ मराठी घरांत अशा कथांमधून पोचली. आणि ज्यांचे लक्ष मोबाइलने पार तुकडे-तुकडे केले आहे, त्यांच्यासाठी रहस्यकथेसारखे औषध नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. विद्वानांनी त्यांना फारसे जवळ केले नाही, पण पुढचे पान उलटायला लावणे ही वाचनाची पहिली पायरी आहे आणि ती त्यांनी लाखोंना चढवली.

रुग्णालयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रकार म्हणजे आजार भोगलेल्यांनी आणि जवळून पाहिलेल्यांनी लिहिलेली पुस्तके. पद्मजा फाटक यांचे 'हसरी किडनी' मूत्रपिंडरोपणाच्या अनुभवावरचे आहे. अनिल अवचट यांचे 'मुक्तांगणची गोष्ट' पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्राचे आहे. डायलिसिस म्हणजे काय, हे डॉक्टर पाच मिनिटांत सांगतात, सरकारी दवाखान्यातल्या गर्दीत कधी दोनच मिनिटांत. पण डायलिसिसच्या आदल्या रात्री पाणी मोजून पिताना काय वाटते, घरचे लोक कधी चिडतात, हे तिथे सांगायला कुणाला वेळ नसतो. ते अशा पुस्तकांत सापडते. नातेवाइकांनी ती रुग्णाच्या आधी वाचावीत.

मनाच्या आजारांत पुस्तक हे उपचाराचा भाग म्हणूनही वापरले जाते. 'बिब्लिओथेरपी' हा शब्द सॅम्युअल क्रोदर्स यांनी १९१६ साली 'अटलांटिक' मासिकातल्या एका मिश्कील लेखात वापरला. आज त्यामागे बरेच संशोधन आहे. विचारांची सवय बदलायला शिकवणारी, रोज थोडा गृहपाठ देणारी पुस्तके सौम्य आणि मध्यम नैराश्यात, चिंतेत उपयोगी पडतात. सोबत अधूनमधून विचारपूस करणारा समुपदेशक असेल तर अधिक. इंग्लंडमध्ये २०१३ पासून अशा निवडक पुस्तकांची यादी आहे, डॉक्टर ती सुचवतात आणि सार्वजनिक ग्रंथालये ती ठेवतात. तीव्र नैराश्यात, आत्महत्येचे विचार येत असताना मात्र पुस्तक पुरत नाही, तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा.

दुकानात याच कपाटाला लागून आणखी एक कप्पा असतो: 'मधुमेह मुळापासून बरा', 'औषधांशिवाय हृदयरोग'. हा प्रकार धोक्याचा आहे. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाचे इन्शुलिन असे पुस्तक वाचून बंद केले, तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल साचून ते बेशुद्ध होऊ शकते. आहार आणि व्यायाम सांगणारे पुस्तक चांगले, पण चालू औषध बंद करायला सांगणारे पुस्तक घरात आणू नये. लेखकाच्या नावापुढे कितीही पदव्या असोत.

आयुष्य वाढते का? अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ३,६३५ जणांची १२ वर्षे नोंद ठेवली होती. २०१६ च्या विश्लेषणात पुस्तके वाचणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी दिसला. शिक्षण, उत्पन्न, तब्येत यांचा हिशेब केल्यावरही फरक उरला. नियतकालिके आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना फायदा कमी मिळाला, हे वर्तमानपत्रात छापणे जरा अवघडच. अर्थात ही निरीक्षणे आहेत. पुस्तकामुळेच आयुष्य वाढले, असे त्यावरून म्हणता येत नाही.

कागद की पडदा, हाही प्रश्न नेहमीचा. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असे दिसले, निव्वळ गोष्ट वाचताना फरक आढळला नाही. म्हणजे कादंबरी मोबाइलवर चालेल, अभ्यास कागदावर करावा. झोपण्यापूर्वी मात्र कादंबरीही छापील बरी. प्रकाशमान पडद्यावर रात्री काही तास वाचणाऱ्यांत झोपेचे संप्रेरक मेलाटोनिन सुमारे दीड तास उशिरा वाढते, असे २०१५ सालच्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात दिसले आहे.

वाचन सुटणे हे कधी कधी लक्षणही असते. भिंगाचे कारण वर आलेच. मधुमेह असेल तर नंबर काढतानाच डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा. नेहमी वाचणाऱ्या माणसाला आवडत्या पुस्तकातही गोडी वाटेनाशी झाली, एकच पान चारदा वाचावे लागू लागले, त्यासोबत झोप आणि भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर तो आळस नसून नैराश्य असू शकते.

आणि अगदी क्वचित, पण विसरू नये असे तिसरे कारण. १८८७ साली पॅरिसमधल्या एका सुशिक्षित गृहस्थाला एके दिवशी अचानक एकही शब्द वाचता येईना. दिसत होते, बोलता येत होते, इतकेच काय, सांगितलेले लिहिताही येत होते. फक्त स्वतःच लिहिलेले वाचता येत नव्हते. डॉ. झ्यूल देजेरीन यांनी त्याला तपासले आणि १८९२ साली त्याच्या मृत्यूनंतर मेंदूची पाहणी केली. डाव्या बाजूचा मागचा भाग रक्तपुरवठ्याअभावी निकामी झालेला होता. तो पक्षाघात होता, हात-पाय लुळे न पाडणारा. आज असे कुणाला अचानक झाले, अक्षरे दिसत असून लागेनाशी झाली किंवा एका बाजूचे दिसेनासे झाले, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नये. १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.