घर घेण्यापूर्वीं भिंत वाजवून पाहा

'घर पाहावें बांधून' ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधविणारा आणि त्यांत राहणारा बहुधा एकच असे. पायामध्यें दगड किती पडला, तुळई सागाची कीं आंब्याची, हें घरधन्यास स्वतः ठाऊक असे. आज पुण्यामुंबईकडील मध्यमवर्गीय गृहस्थ दुसऱ्यानें बांधलेली आणि पुष्कळदां तिसऱ्यानें वापरलेली सदनिका विकत घेतो. आयुष्याची शिल्लक व मुलाच्या पगारावरील वीस वर्षांचें कर्ज ज्या वस्तूंत घालावयाचें, ती वस्तु पाहण्यास आपण अर्धा तासही देत नाहीं. वांगें घेतांना देठ पाहणारीं आपण माणसें घर घेतांना मात्र रंगावर भुलतों.

आम्ही स्वतः असेच भुललों. २०१८ सालीं सेवानिवृत्तीनंतर धाकट्या बंधूंसह आम्हीं पुण्यांत सर्वांत वरच्या मजल्यावरील, पंचवीस वर्षांची जुनी सदनिका घेतली. वैशाखांत पाहिली. भिंतींस ताजा रंग, ईशान्येस देवघर, पूर्वेस दार! होकायंत्र लावून दिशा तपासल्या. भिंतीस बोट लाविलें नाहीं. 'बँकेचा माणूस पाहून गेला आहे', या विक्रेत्याच्या शब्दांवर विसंबलों. तो माणूस कर्ज वसूल होण्याइतकी किंमत घरास आहे कीं नाहीं एवढेंच पाहतो, हें मागाहून उमगलें. आषाढांत गच्चीचें पाणी झिरपलें आणि एका रात्रीं छताचा मोठा पोपडा मातोश्रींच्या खाटेवर कोसळला. त्या पाणी पिण्यास उठल्या होत्या, म्हणून वांचल्या. दुरुस्तीस लागलेला पैसा पुतणीच्या शिक्षणाकरितां राखलेल्या रकमेंतून काढावा लागला. तिनें तें कधीं बोलून दाखविलें नाहीं.

पोपडा पडला तेथें गंजून फुगलेल्या सळया दिसत होत्या. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. ओल शिरली कीं सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट आंतून फोडते. म्हणून सळईच्या रेषेनें सरळ जाणारी भेग आणि तिच्यालगतचा तांबूस डाग ही गंभीर खूण समजावी. गिलाव्यावरील केसासारख्या वेड्यावांकड्या रेघा बहुधा निरुपद्रवी असतात. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी निघून रुंदावत जाणारी भेग मात्र जाणत्यास दाखवावी. नाण्यानें भिंत वाजवावी. धरलेला गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. खांब पुन्हा पुन्हा हलवून पक्का करण्याचा स्थूणानिखननन्याय आम्हीं चाळीस वर्षें तोंडीं बाळगला; घराच्या खांबास तो लावण्याचें सुचलें नाहीं! वास्तुशास्त्राच्या नांवाखालीं केवळ दिशा पाहणाऱ्यांनीं वराहमिहिराची बृहत्संहिता उघडावी. हातभर खड्डा खणून तीच माती त्यांत पुन्हा भरावी. उरली तर भूमि उत्तम, कमी पडली तर अनिष्ट, अशी परीक्षा तेथें सांगितली आहे.

घर पाहण्यास शक्य तर पावसाळ्यांत जावें. दुसऱ्यांदा नळास पाणी येण्याच्या वेळीं जावें; न्हाणीघरांत दोन बादल्या ओतून पाणी मोरीकडे वळतें कीं कोपऱ्यांत थबकतें तें पाहावें. आणि खालच्या बिऱ्हाडीं जाऊन त्यांच्या छताची विचारपूस करावी. विक्रेता जें सांगत नाहीं तें तेथील गृहिणी चहा देतां देतां सांगते. जुन्या वाड्यांत खांबाच्या बुडाशीं दाभण टोंचावें. तें सहज शिरलें तर आंत वाळवी पोंचली असावी असें समजावें.

एवढें झाल्यावरही स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा, आणि तो आपण पैसे दिलेला असावा. दलालानें सुचविलेला नको. उसळत्या हातोडीच्या यंत्रानें तो काँक्रीटच्या कठीणपणाचा अंदाज घेतो, आणि ध्वनिलहरी खांबांतून किती वेगानें जातात यावरून आंतील पोकळी ओळखतो. फरशीखालचे नळ त्यालाही दिसत नाहींत. तेव्हां काय तपासलें नाहीं तेंही अहवालांत लिहवून घ्यावें. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनीं, व त्याहून जुनीची दर ३ वर्षांनीं अशी तपासणी व्हावयाची असते. तो अहवाल संस्थेच्या चिटणिसांकडे मागावा. मिळाला नाहीं तर तेंही एक उत्तरच होय. नव्या घराचें भोगवटा प्रमाणपत्र पाहावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें ताब्यापासून ५ वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष कळविल्यास विकासकानें तो ३० दिवसांत विनामूल्य दूर केला पाहिजे. ही सर्व परीक्षा बयाण्यापूर्वींची. बयाणा दिल्यावर दोष डोळ्यांस दिसले तरी मन ते पाहूं देत नाहीं.

गेल्या वर्षीं त्याच पुतणीनें, आतां ती कमावती आहे, एक मोठी सदनिका पसंत केली. इंजिनिअरची फी ऐकून बंधु कुरकुरले. अहवालांत तळमजल्याचे दोन खांब सदोष निघाले. 'भरून रंग देतों' असें विक्रेता म्हणाला. ती नमस्कार करून परत आली. पुढें दुसरें घर घेतलें, आणि त्यांत आजीच्या खाटेची जागा तिनें ठरविली ती लांब काठीनें छत वाजवून पाहिल्यावरच.