कोयना : संध्याकाळची वीज

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या रांगेला बिलगून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिथून पुढे हे पाणी कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा लांबचा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळायचं. पण हेळवाकच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर डोंगर तुटतो आणि कोकण एकदम जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली जातं. कोयना प्रकल्प उभा आहे तो या कड्याच्या जोरावर. पूर्वेला निघालेलं पाणी देशमुखवाडीजवळ अडवायचं, डोंगराच्या पोटातून भुयारानं पश्चिमेला न्यायचं आणि पोफळीला खाली सोडायचं.

टाटांचं खोपोलीचं वीजगृह १९१५ सालीच सुरू झालं होतं. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी कोयनेचीही चाचपणी केली, पण ती योजना बारगळली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली काम सुरू झालं आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून पहिली वीज निघाली. धरण १०३ मीटर उंच आहे आणि त्यामागचा शिवाजीसागर जलाशय १०५.२५ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट).

एवढा खटाटोप कशासाठी, हे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीवरून कळतं. ती भरलेली टाकी पोफळीच्या पावणेपाचशे मीटर उंचीवरून यंत्रावर रिकामी केली, तर वीज मिळते सव्वा युनिटहूनही कमी. तेच पाणी धरणाच्या पायथ्याशीच वापरलं, तर पाव युनिटही हाती लागत नाही. पाण्यातून वीज काढायची तर एकतर पाणी अफाट हवं, नाहीतर उंची. कोयनेला उंची आयती मिळाली. शिवाय पोफळीतून बाहेर पडणारं पाणी, ज्याला इथे सगळे अवजल म्हणतात, ते कोळकेवाडी धरणात पुन्हा अडवलं जातं आणि अलोरेला दुसऱ्यांदा यंत्रावर पडतं. मगच ते वाशिष्ठीत जातं.

पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता ६०० मेगावॅट, अलोरेच्या तिसऱ्याची ३२०. पुढे चौथा टप्पा आला, तो एकट्याने १,००० मेगावॅटचा. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी ‘लेक टॅपिंग’ झालं. जलाशय रिकामा न करता खालून भुयार खणत तळापर्यंत न्यायचं, शेवटी राखलेला खडक सुरुंगानं उडवायचा, की पाणी आपसूक भुयारात शिरतं. २०१२ साली, पातळी आणखी खाली गेली तरी पाणी घेता यावं म्हणून, हा प्रयोग पुन्हा केला गेला.

गंमत अशी की या हजार मेगावॅटसाठी पाणी मात्र वाढलं नाही. कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पोफळीचे आणि चौथ्या टप्प्याचे संच पूर्ण क्षमतेनं सलग चालवले, तर हा कोटा सुमारे दोन महिन्यांत संपेल. वर्षभर पुरवायचा तर रोज चार तासांहूनही कमी. मग संच वाढवले कशाला? तर त्याच पाण्यातून थोड्या वेळात जास्त वीज काढता यावी म्हणून. कोळशाचा संच थंड पडला की तापायला तास न् तास घेतो. कोयनेचा संच काही मिनिटांत भार उचलतो. संध्याकाळी घराघरांत दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात, तेव्हा कोयना कामाला येते. आता दुपारी सौरऊर्जा मुबलक मिळू लागली आहे, पण सूर्य मावळताच ती थांबते. त्यामुळे कोयनेच्या त्या चार तासांचं मोल वाढतच चाललं आहे. घाटघरच्या २५० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पात तर खालचं पाणी स्वस्त विजेच्या वेळी वर चढवून ठेवतात आणि मागणीच्या वेळी पुन्हा खाली सोडतात.

या विजेची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ साली आला. कोयनेकाठची गावं त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेली होती. धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या जमिनीसाठी आंदोलनं करत राहिल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर जमीनदोस्त झालं, धरणाला तडे गेले, पण ते टिकलं. नंतर त्याला बळकटी देण्यात आली. जलाशयाच्या भारानं भूकंप होतात का, या जगभरच्या चर्चेत कोयनेचं नाव तेव्हापासून हटलेलं नाही.

पूर्वेकडचा हिशेब वेगळा. पायथा वीजगृहातून ४० मेगावॅट वीज देऊन सोडलेलं पाणी कराडमार्गे टेंभूला पोहोचतं. तिथे ते विजेचे पंप लावून टप्प्याटप्प्यानं वर उपसतात आणि आटपाडी, सांगोल्याच्या दुष्काळी रानांत नेतात. एकाच जलाशयाचं पाणी पश्चिमेला वीज देतं आणि पूर्वेला वीज खातं. तरीही पाऊस कमी झाला की पूर्वेची मागणी आधी ऐकावी लागते, कारण संध्याकाळची वीज दुसरीकडून महागात का होईना विकत घेता येते, उभ्या पिकाचं पाणी घेता येत नाही. कोयनेच्या पाण्याच्या हिशेबाचं, म्हणजे तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं, आणि ही ओढाताण दरवर्षी त्याच ६७.५ टीएमसीपासून नव्यानं मांडली जाते.