प्रशासकाची चार वर्षे

मालवण, सावंतवाडी आणि वेंगुर्ले या तिन्ही नगरपरिषदांची मुदत डिसेंबर 2021 मध्ये संपली. त्यानंतर नागरिकांना मतपेटीपाशी जाण्याचा योग आला तो 2 डिसेंबर 2025 रोजी. आणि कौल कळावयास 21 डिसेंबर उजाडला. मधल्या चार वर्षांत चार अंदाजपत्रके आली नि गेली. ती मांडली अधिकाऱ्यांनी, संमत केली अधिकाऱ्यांनी, आणि त्यांवर हरकत घेणारा एकही निवडून आलेला माणूस सभागृहात नव्हता. जिल्हा परिषदेची गत याहून निराळी नव्हती; तिची मुदत मार्च 2022 मध्येच सरली होती. नव्या मंडळींच्या अभिनंदनाचे हार अद्याप सुकले नसतील, तोवरच या चार वर्षांचा हिशेब मागणे आम्हांस अगत्याचे वाटते.

घटनेचा आदेश या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. 1993 मध्ये अंमलात आलेल्या 74 व्या दुरुस्तीने नगरपालिकेची मुदत पाच वर्षे ठरविली, 'त्याहून अधिक नाही' असेही बजावले, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झालीच पाहिजे असे सांगितले. एखादी नगरपालिका मध्येच विसर्जित करावयाची तर आधी तिला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, व विसर्जनानंतर सहा महिन्यांच्या आत मतदान झाले पाहिजे. ही कलमे घालणाऱ्यांना पूर्वीचा अनुभव ठाऊक होता. लॉर्ड रिपनने 1882 साली स्थानिक स्वराज्याचा ठराव केला खरा. परंतु पुढे परका अंमल जाऊन आपला आला तरी नगरपालिका बरखास्त करून वर्षानुवर्षे प्रशासक बसविण्याची खोड काही सुटली नाही. 2006 मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. महाराष्ट्रात त्यानंतरही चार वर्षे गेली, हे नवल!

ती गेली कशी? प्रथम साथीचे कारण होते. मग मार्च 2021 च्या निकालाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी आयोग, माहिती आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा अशी त्रिसूत्री घालून दिली, आणि ती माहिती गोळा करण्यात राज्याने दिरंगाई केली. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून शासनाच्या हाती दिला. ऑगस्ट 2022 मध्ये खुद्द न्यायालयाने 'जैसे थे'चा हुकूम दिला. तो उठावयास 6 मे 2025 उजाडला, हेही आदरपूर्वक नमूद केले पाहिजे. मुंबईत या काळात सरकारे बदलली; कालचे विरोधक आजचे मंत्री झाले; परंतु प्रशासकाची खुर्ची कोणालाच अडचणीची वाटली नाही.

'अधिकारी काय वाईट काम करतात?' असा प्रश्न सुशिक्षित वर्तुळांतही ऐकू येतो. वेंगुर्ल्याच्या कचराव्यवस्थेचे देशभर कौतुक झाले, त्यात एका उद्योगी मुख्याधिकाऱ्याचा मोठा वाटा होता, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण त्या वेळी तेथे नगरपरिषद जागेवर होती. मुख्याधिकारी तिला उत्तर देण्यास बांधलेला होता. प्रशासक उत्तर देतो ते वरच्या कार्यालयास. मालवणच्या मासळीबाजारातील गटार तुंबले, किंवा किल्ल्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या मोटारींनी बंदरावरचा रस्ता अडला, तर कोळणीने गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे? नगरसेवक तिला पुन्हा मत मागावयास येणार असतो. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला तसे कोणतेही कारण नसते.

सभागृह अस्तित्वात आले म्हणजे भय संपले, असेही नव्हे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यास ठराव तहकूब ठेवण्याचा आणि शासनास नगराध्यक्षास पदच्युत करण्याचा अधिकार दिला आहे. आपल्याच कोकणातील उरणच्या नगराध्यक्षांना शासनाने पदावरून दूर केले, तेव्हा 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. लोकांनी निवडलेल्या माणसास कारकुनाप्रमाणे काढता येत नाही. गंभीर कारण हवे, सबळ पुरावा हवा आणि न्याय्य चौकशी हवी, असा त्या निकालाचा आशय आहे. निकाल चांगला; मात्र तो मिळवण्यास दिल्लीपर्यंत जावे लागले. लहान गावच्या किती नगराध्यक्षांपाशी तेवढी पदरमोड करण्याची ऐपत असेल?

घटनेतील खरी उणीव वेगळीच आहे. निवडणूक घेणे राज्यास सक्तीचे आहे. अधिकार देणे नाही. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय मोजून दिले आहेत, परंतु ते नगरपालिकेकडे सोपवावेत की नाही हे विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले आहे. त्यामुळे मुंबईहून उंटावरून शेळ्या हाकण्यास भरपूर वाव राहतो.

2025 ची प्रभागरचनाही नगरविकास विभागाच्याच आदेशाने सुरू झाली. मालवणच्या नव्या सभागृहाची मुदत भरेल तेव्हा हाच खेळ पुन्हा होऊ द्यावयाचा नसेल, तर तो अधिकार निवडणूक आयोगाकडे परत देणारे विधेयक आताच आणावे. जिल्ह्याच्या आमदारांनी ते मागितले पाहिजे. त्यांत सत्तापक्षाचे आमदारही आले.