मर्त्य देवांच्या कथा

इंग्रजी शिकूं लागलेलें आपल्या घरांतील मूल ‘ट्यूजडे, वेन्सडे, थर्सडे, फ्रायडे’ असे वार घोकतें, तेव्हां आपण चार परकीय देवांचीं नांवें घेत आहोंत ह्याची त्यास कल्पना नसते. आणि बहुधा ती त्याच्या वडिलांसही नसते. ट्यूजडे हा टीर नांवाच्या देवाचा वार, वेन्सडे ओडिनचा, थर्सडे थॉरचा आणि फ्रायडे ओडिनची पत्नी फ्रिग्ग हिचा. इंग्रजांच्या पूर्वजांच्या तोंडीं हीं नांवें किंचित् निराळीं होतीं, एवढेंच. ग्रहांवरून वारांस नांवें देण्याची पद्धति उत्तर युरोपांत रोमन लोकांकडून गेली, व आपल्याकडे ती ग्रीक ज्योतिषाच्या द्वारां आली असें विद्वान् मानतात. उत्तरेकडील लोकांनीं ग्रहांच्या जागीं आपले देव बसविले. मंगळाच्या जागीं युद्धाचा देव टीर आला, बुधाच्या जागीं ज्ञानी व भटका ओडिन, गुरूच्या जागीं मेघगर्जनेचा देव थॉर आणि शुक्राच्या जागीं फ्रिग्ग. इतकेंच नव्हे, तर ‘टीर’ हें नांव आणि आपला ‘देव’ हा शब्द हे दोन्ही एकाच प्राचीन शब्दापासून निघालेले आहेत. ह्या दूरच्या आप्तांची थोडी विचारपूस करणें वाचकांस अप्रिय होणार नाहीं, अशी आशा आहे.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व आइसलंड ह्या देशांतील लोक एके काळीं ह्या देवांचे उपासक होते. त्यांच्याजवळ ‘रूण’ नांवाची लिपि होती. परंतु ती दगडावर, लाकडावर किंवा शस्त्रावर चार अक्षरें कोरण्याची, ग्रंथ लिहिण्याची नव्हे. देवांच्या कथा मुखोद्गत असत, आणि मुखोद्गत विद्येस जें मोठें भय असतें तेंच त्यांसही होतें. म्हणणारा गेला कीं विद्याही गेली! ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाल्यावर इंग्लंड व जर्मनी ह्या देशांत ह्या कथा जवळजवळ नामशेष झाल्या. त्या विस्तारानें उरल्या त्या दूर समुद्रांतील, ज्वालामुखींनीं व हिमनद्यांनीं व्यापलेल्या एका बेटावर, म्हणजे आइसलंडांत.

त्या बेटावर नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेंतून लोक येऊन राहिले. त्यांस राजा नव्हता. इ. स. ९३० च्या सुमारास त्यांनीं उघड्या माळावर भरणारी एक लोकसभा स्थापिली, आणि सर्वांस एकच कायदा हीच त्यांच्या समाजाची खरी गांठ होती. सुमारें इ. स. १००० मध्यें जुन्या धर्माचे व नव्या धर्माचे असे दोन पक्ष त्या सभेंत समोरासमोर उभे राहिले, आणि एका पक्षाचा कायदा दुसऱ्यास मान्य नाहीं अशी स्थिति आली. तेव्हां निर्णय थॉरगेर नांवाच्या कायदेपंडितावर सोंपविण्यांत आला. तो स्वतः जुन्या देवांचा उपासक होता. तो एक दिवस व एक रात्र अंगावर पांघरूण घेऊन मुकाट्यानें पडून राहिला. दुसऱ्या दिवशीं उठून त्यानें सांगितलें कीं, कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. सबब सर्वांनीं ख्रिस्ती व्हावें. जुन्या देवांस कोणीं गुप्तपणें बळी दिल्यास मात्र त्यास तूर्त शिक्षा नसावी. घरांतील तंटा मिटावा म्हणून वडील माणसानें आपला हट्ट सोडावा, तसा हा प्रकार झाला. ही सवलतही थोड्याच वर्षांत गेली, आणि देव कायमचे पदच्युत झाले.

येथेंच ह्या इतिहासांतील खरें नवल आहे. देव गेल्यानंतर दोनशें वर्षांनीं त्यांच्या कथा लिहून ठेवल्या त्या त्यांच्या भक्तांनीं नव्हेत, तर ख्रिस्ती माणसांनीं! त्यांत अग्रगण्य म्हणजे स्नॉरी स्टुर्लुसन (११७९–१२४१). हा मोठा धनिक, मुत्सद्दी, कवि, आणि लोकसभेचा दोन वेळां झालेला कायदेप्रमुख होता. ह्यानें १२२० च्या सुमारास ‘एड्डा’ नांवाचा ग्रंथ रचिला. त्याचा हेतु धर्माचा नसून काव्याचा होता. जुन्या कवींची भाषा अलंकारिक व कूट असे. सोनें म्हणावयाचें तर ‘सिफ देवीचे केस’ म्हणावें, काव्य म्हणावयाचें तर ‘ओडिनचें मद्य’ म्हणावें, अशी त्यांची रीति. ज्यास पुराण ठाऊक नाहीं त्यास ‘पिनाकपाणि’ किंवा ‘गरुडध्वज’ म्हणजे कोण हें जसें कळावयाचें नाहीं, तशीच तेथील नव्या पिढीची गत होऊं लागली होती. आपले कवि आपल्याच मुलांस दुर्बोध होणार, हें पाहून स्नॉरीनें लेखणी हातीं घेतली. त्या देवांवर त्याची श्रद्धा नव्हती. पण आपल्या वाडवडिलांच्या वाणीवर होती. पुढें नॉर्वेच्या राजाशीं त्याचें वितुष्ट आलें, आणि १२४१ सालीं राजाच्या पक्षाच्या लोकांनीं त्याच्या राहत्या घराच्या तळघरांत त्याचा वध केला.

स्नॉरीच्या गद्य ग्रंथाखेरीज दुसरा आधार म्हणजे जुन्या काव्यांची एक लहानशी हस्तलिखित पोथी. ती तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चर्मपत्रांवर लिहिली गेली. १६४३ सालीं ब्रिन्योल्फुर नांवाच्या बिशपाच्या हातीं ती आली, व १६६२ सालीं डेन्मार्कच्या राजास नजर झाली. तिचीं आज ४५ पानें आहेत; मधलीं आठ हरवलीं आहेत. तीनशें वर्षें कोपनहेगन येथें राहून १९७१ च्या एप्रिलांत ती डॅनिश आरमाराच्या जहाजानें स्वदेशीं परत आली, तेव्हां तिच्या स्वागतास रेक्याविक बंदरांत हजारों लोक लोटले होते. एका जुन्या पोथीसाठीं सबंध राष्ट्रानें धक्क्यावर उभें राहावें, ह्यांत त्या राष्ट्राचा मोठेपणा आहे.

आतां ह्या कथांत आहे तरी काय? आरंभीं अग्नि व हिम ह्यांच्यामध्यें एक अथांग पोकळी होती. तींत ईमिर नांवाचा आदिराक्षस जन्मला. देवांनीं त्यास मारून त्याच्या मांसाची पृथ्वी केली, रक्ताचा समुद्र, हाडांचे पर्वत आणि कवटीचें आकाश. हें वाचतांना आपल्यास पुरुषसूक्ताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं, आणि पाश्चात्त्य पंडितांनींही हें साम्य टिपलें आहे. विश्वाच्या मध्यभागीं एक महान् वृक्ष आहे. त्याच्या एका मुळाशीं ज्ञानाची विहीर आहे, व तिच्या एका घोटासाठीं ओडिननें आपला एक डोळा दिला.

विनोदही ह्या कथांत भरपूर आहे. थॉरचा हातोडा एका राक्षसानें चोरला आणि मोबदला म्हणून फ्रेया देवी पत्नी मागितली. तेव्हां थॉरच नवरीचा वेष करून गेला! ह्या नवरीनें जेवणांत एक सबंध बैल व आठ सामन मासे फस्त केले. राक्षस चकित झाला, तों दासीचा वेष घेतलेला लोकी म्हणाला कीं, आपल्या ओढीनें बिचारीनें आठ रात्रींत अन्नास स्पर्श केला नव्हता. पुढें हातोडा मांडीवर येतांच नवरीनें काय केलें, हें कीचकवध ऐकलेल्या कोणासही सांगावयास नको.

परंतु ह्या कथांचें मर्म निराळेंच आहे. फेन्रिर नांवाचा एक लांडगा देवांच्या घरीं वाढला. तो देवांचा घात करील असें भविष्य होतें. त्यास बांधण्यासाठीं बुटक्यांकडून एक दोर करविला तो सहा वस्तूंचा: मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताचीं मुळें, अस्वलाचे स्नायु, माशाचा श्वास व पक्ष्याची थुंकी. आपल्या न्यायशास्त्रांतील वंध्यापुत्र व शशशृंग ह्यांच्याच पंक्तीचा हा माल! लांडग्यास संशय आला. तो म्हणाला, विश्वासाची खूण म्हणून कोणी तरी माझ्या जबड्यांत हात ठेवा. देव एकमेकांकडे पाहूं लागले. हात ठेविला तो एकट्या टीरनें. लांडगा बांधला गेला आणि टीरचा हात गेला. तो जाणार हें त्यास ठाऊक होतें.

हाच ह्या सर्व पुराणाचा स्थायी भाव आहे. शेवटीं एक महायुद्ध होणार, त्याचें नांव रॅग्नारोक. त्यांत फेन्रिर सुटणार व ओडिनला गिळणार. थॉर महासर्पास मारणार, पण त्याच्या विषानें नऊ पावलें चालून पडणार. पृथ्वी समुद्रांत बुडणार. हें सर्व देवांस आधींपासून माहीत आहे. आपल्या पुराणांत देव संकटांत सांपडले म्हणजे विष्णूकडे धांव घेतात. ह्या देवांस धांव घेण्यास कोणी नाहीं. तरीही ते रोजचीं कामें करतात, हंसतात, जेवतात, आणि त्या दिवसासाठीं वीर जमवितात. पराजय निश्चित आहे म्हणून लढणें सोडावें, असें त्यांतील एकासही वाटत नाहीं. गांधारीचा शाप शांतपणें स्वीकारणारा श्रीकृष्ण आणि मौसलपर्वांतील त्याचा अंत ज्यांच्या मनांत ठसला आहे, त्यांस हा सूर अगदींच परका वाटणार नाहीं.

ह्या सुराची मोहिनी अर्वाचीन काळींही ओसरली नाहीं. कार्लाइलनें १८४० सालीं विभूतिपूजेवरील आपलें पहिलें व्याख्यान ओडिनवरच दिलें. वाग्नरचें चार भागांचें संगीतनाट्य १८७६ सालीं प्रथम सबंध रंगभूमीवर आलें. टॉल्किननें १९३७ च्या ‘हॉबिट’मधील बुटक्यांचीं नांवें त्या जुन्या काव्यांतूनच उचललीं. आजचीं मुलें थॉरला चित्रपटांतून ओळखतात. त्यांस सांगावें कीं चित्रपटांतील लोकी हा थॉरचा मानलेला भाऊ असला, तरी मूळ कथेंत तो ओडिनचा रक्त मिसळून केलेला भाऊ आहे. म्हणजे नात्यानें थॉरचा काकाच!

ह्या वारशाचा दुरुपयोगही झाला, हें लपवून चालावयाचें नाहीं. हिटलरच्या राजवटींत (१९३३–४५) वंशश्रेष्ठत्वाच्या वेडानें ह्या देवांस वेठीस धरलें, व रूण अक्षरें एस. एस. पथकाच्या गणवेशावर चढलीं. पूर्वजांचा अभिमान धरणें आणि पूर्वजांच्या नांवानें दुसऱ्यास तुच्छ लेखणें ह्यांत किती अंतर आहे, हें ह्या उदाहरणावरून दिसतें. ज्या स्नॉरीनें ह्या कथा राखल्या, त्यास त्या कोणाविरुद्ध वापरावयाच्या नव्हत्या. त्यास त्या पुढील पिढीस समजावयास हव्या होत्या.

आपल्या घरांतही आज वडील पिढीची श्रद्धा व धाकट्या पिढीची शंका एकाच पंक्तीस जेवावयास बसतात. श्रद्धा ही कोणावर लादतां येत नाहीं. पण जें आपण मानीत नाहीं तेंही जपून ठेवणें व समजून घेणें हें ज्याच्या त्याच्या हातचें आहे. स्नॉरीनें तें करून दाखविलें. रॅग्नारोकानंतर, ती कथा सांगते, पृथ्वी पुनः हिरवीगार होऊन समुद्रांतून वर येईल, आणि वांचलेल्या देवांस गवतांत जुन्या देवांच्या खेळांतील सोन्याच्या सोंगट्या सांपडतील. सोंगट्या कोणीं मांडल्या होत्या हें सांगणारें मात्र तेव्हां कोणी तरी उरलेलें असावें लागतें.