विद्यार्थी आंदोलन आणि विद्यापीठाचे प्रयोजन : बर्कली, १९६४
कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांनी १९६३ मध्ये हार्वर्ड येथील व्याख्यानांत विद्यापीठ हे 'ज्ञानोद्योगा'चे केंद्र होत असल्याचे प्रतिपादन केले. वस्तुतः हे निदान चुकीचे नव्हते. परंतु उद्योग म्हटला की विद्यार्थी कच्चा माल ठरतो. सप्टेंबर १९६४ मध्ये बर्कली परिसराच्या प्रवेशद्वारापाशी राजकीय प्रचारास बंदी घालण्यात आली. नागरी हक्क चळवळीत उतरलेल्या विद्यार्थ्यांनी ती झुगारली. १ ऑक्टोबर रोजी एका कार्यकर्त्यास अटक होताच पोलिसांची मोटार सुमारे ३२ तास अडवून धरण्यात आली व तिच्या टपावरूनच भाषणे झाली. हाही एक वर्गच म्हणावयास हवा! २ डिसेंबर रोजी मारिओ साव्हिओ या विद्यार्थ्याने कच्च्या मालाची हीच उपमा केर यांच्यावर उलटविली. ८ डिसेंबर रोजी प्राध्यापकसभेने भाषणाच्या आशयावर विद्यापीठाने निर्बंध घालू नयेत, असा ठराव ८२४ विरुद्ध ११५ मतांनी संमत केला.